खाकीतील शिरगणती : उमर खालिदी यांच्या अभ्यासाची चिकित्सा

अल्पसंख्याकांचे हक्क आणि राष्ट्राची सुरक्षितता हे दोन विषय आपल्या महाविद्यालयांत वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जातात. पहिला राज्यशास्त्राच्या तासाला, घटनेच्या एकोणतिसाव्या आणि तिसाव्या कलमांपुरता. दुसरा संरक्षणशास्त्राच्या तासाला, सीमा, शस्त्रे आणि शेजारी राष्ट्रे यांच्यापुरता. ज्या माणसाच्या दारात दंगलीच्या रात्री पोलीस येऊन उभा राहतो, त्याच्यासाठी मात्र हे दोन विषय एकच असतात. हा पोलीस आपल्याला वाचवायला आला आहे की आपल्यावर चालून आला आहे, एवढाच त्याचा प्रश्न असतो. या साध्या प्रश्नाला अभ्यासाचा विषय करून त्यावर आयुष्याचा मोठा भाग खर्च करणारे जे थोडे अभ्यासक झाले, त्यांत उमर खालिदी यांचे नाव घ्यावे लागते.

खालिदी मूळचे हैदराबादचे. त्यांचे बहुतेक लेखन अमेरिकेत झाले. तेथील एम.आय.टी. या संस्थेत, इस्लामी वास्तुकलेच्या आगाखान अभ्यासक्रमाशी निगडित ग्रंथालयात ते काम करीत. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे हा माणूस कोणत्याही संरक्षणविषयक संस्थेचा मानकरी नव्हता. पोटासाठी वास्तुकलेची पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात पलटणीतील व पोलीस दलातील माणसे मोजायची, असा त्यांचा प्रपंच होता. 'हैदराबाद : आफ्टर द फॉल' (१९८८) हा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ, भारतीय सैन्यातील शीख, मुसलमान, गुरखा आदी समूहांच्या भरतीची तुलना करणारा 'पॅसिफिक अफेअर्स' या नियतकालिकातील २००१-०२ चा दीर्घ लेख, 'खाकी अँड द एथ्निक व्हायोलन्स इन इंडिया' (२००३) हा त्यांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला ग्रंथ, आणि त्यानंतरचा 'मुस्लिम्स इन इंडियन इकॉनॉमी' (२००६). या चार टप्प्यांवरून त्यांच्या अभ्यासाची दिशा कळते. दलित चळवळीतल्या वाचकाने हे काम का वाचावे आणि वाचताना त्याच्याशी कोठे भांडावे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हैदराबादविषयी. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिदिन म्हणून आपण साजरा करतो आणि तो साजरा करण्यासारखाच आहे. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आमच्या वाडवडिलांच्या तोंडून आम्ही ऐकले आहेत. पण मुक्तीनंतरच्या आठवड्यांत काय झाले, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हते. केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली होती. १९४८ च्या अखेरीस तिने राज्यात हिंडून अहवाल दिला. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि नांदेड हे मराठवाड्यातले दोन जिल्हे होते. गुलबर्गा आणि बीदर हे दुसरे दोन. काही ठिकाणी गणवेशधारी माणसे लुटीत सामील झाली किंवा त्यांनी जमावाला फूस दिली, असेही समितीने नोंदवले होते. हा अहवाल सरकारने दशकानुदशके दडवून ठेवला. त्यातील काही भाग खालिदींनी १९८८ च्या ग्रंथात छापला. पुढे ए. जी. नूरानी यांनी तो अधिक विस्ताराने लोकांपुढे आणला.

खालिदींच्या पुढील सगळ्या कामाचे बीज येथे दिसते. दंगल म्हणजे दोन जमातींची मारामारी आणि सरकार म्हणजे मध्ये पडणारा तिऱ्हाईत, हे चित्र हैदराबादच्या अहवालाने मोडते. सरकार हाही त्या प्रसंगातला एक पक्ष असू शकतो. मग त्या पक्षाच्या हातातली बंदूक कोण धरतो, हे विचारणे ओघानेच येते.

या ग्रंथाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. तो मुख्यतः सत्ता गमावलेल्या समाजाच्या दुःखातून उभा राहिला आहे. त्या राज्यातले अस्पृश्य दोन्ही बाजूंनी ओढले जात होते. बी. एस. वेंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात गेले, श्यामसुंदर यांनी हैदराबादची बाजू उचलून धरली. उलट बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावले. राजा मुसलमान असो की हिंदू, गावकीचे जोखड ज्याच्या मानेवर होते त्याला 'पतन' या शब्दाचा अर्थ वेगळा लागणार. खालिदींच्या संपादनात हा तिसरा आवाज क्षीण आहे.

आता 'खाकी'कडे वळू. या ग्रंथाचा प्रश्न थोडक्यात असा : सैन्य, निमलष्करी दले आणि राज्यांचे पोलीस यांत अल्पसंख्याक किती आहेत, ते तितकेच का आहेत, आणि या प्रमाणाचा दंगलीतील वर्तनाशी काही संबंध आहे काय? उत्तराची सुरुवात ते इंग्रजी राजवटीपासून करतात. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची रचना 'लढवय्या जाती' या कल्पनेवर केली. शीख, गुरखे, पठाण, पंजाबी मुसलमान, डोगरे हे जन्माने शूर आणि बाकीचे जन्माने नेभळट, असा हा सिद्धान्त. फाळणीत मुसलमान सैनिकांपैकी मोठा भाग पाकिस्तानकडे गेला. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४९ मध्ये भरती सर्व वर्गांना खुली असल्याचे जाहीर केले. परंतु शीख, डोगरा, गढवाल, जाट, गुरखा या पलटणी कायम राहिल्या. जुन्या समूहांची जागा जुन्याच हिशेबाने राखली गेली. मुसलमानांची मात्र तशी पलटण उरली नाही. फाळणीच्या वेळी सैन्यात सुमारे ३२ टक्के असलेले मुसलमान १९५३ पर्यंत दोन टक्क्यांवर आले, असे तेव्हाचे मंत्री महावीर त्यागी यांनी सांगितल्याची नोंद या विषयावरील लेखनात वारंवार येते. या घसरणीचा मोठा भाग फाळणीनेच घडवला, हे मान्य करावे लागेल. प्रश्न उरतो तो पुढच्या दशकांचा. ती दरी भरून निघाली काय? आणि निघाली नसेल, तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारावा?

पोलिसांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. कारण सैन्य सीमेवर असते, पोलीस गल्लीत. २२ मे १९८७ रोजी मेरठच्या हाशिमपुऱ्यातून उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलाने, पी.ए.सी.ने, मुसलमान पुरुषांना ट्रकमध्ये घालून नेले आणि कालव्याकाठी गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा चाळिसाच्या घरात आहे. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने सर्व आरोपींना सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १६ माजी जवानांना जन्मठेप दिली. खालिदींनी हा शेवट पाहिला नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. त्यांचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

या ठिकाणी दलित वाचकाला एक जुनी ओळख पटेल. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' (१९४०) या ग्रंथात बाबासाहेबांनी सैन्याच्या घडणीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. कोणत्या प्रांतातून, कोणत्या जमातीतून किती शिपाई, याची कोष्टके त्यांनी मांडली. लढवय्या जातींचा सिद्धान्त त्यांनी तेथेच उघडा पाडला. १८५७ चे बंड मोडायला ज्यांनी इंग्रजांना मदत केली ते लढवय्ये ठरले. या निवडीत शौर्याचा संबंध नव्हता, राजकारणाचा होता, असे त्यांनी दाखवले. आणि पुढे त्यांना भिंत आडवी आली. १९३० नंतर सैन्यातील हिंदू-मुसलमानांचे प्रमाण किती, हे सरकार सांगेना. मध्यवर्ती कायदेमंडळात सभासदांनी प्रश्न विचारले, सरकारने उत्तर टाळले. बाबासाहेबांनी ती प्रश्नोत्तरे ग्रंथात छापून टाकली.

साठ-पासष्ट वर्षांनी खालिदी त्याच भिंतीपाशी येऊन उभे राहिले. सरकार इंग्रजांचे राहिले नव्हते, पण उत्तर तेच होते. त्यांना आकडे जमवावे लागले ते निवृत्त अधिकाऱ्यांच्या लेखनातून, संसदेतील त्रोटक उत्तरांतून, आयोगांच्या अहवालांतून. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या सच्चर समितीने सैन्याकडे अशी माहिती मागितली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे आठवावे. सैन्याची मोजणी केल्याने सैन्याची एकात्मता धोक्यात येईल, असे सांगितले गेले आणि माहिती अभ्यासाबाहेर राहिली. पोलिसांतील मुसलमानांची संख्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काही वर्षे प्रसिद्ध करीत होता. २०१३ नंतर तीही थांबली.

या युक्तिवादातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जातीच्या आणि जमातीच्या नावाने पलटण चालते. तिचे झेंडे, घोषणा, देवदेवता जमातीच्या असतात आणि त्याचा अभिमान बाळगायला शिकवले जाते. तेव्हा एकात्मतेला तडा जात नाही. पण कोणी वहीपेन्सील घेऊन विचारले, की बाबांनो, कोण किती आहात, तर मात्र राष्ट्र धोक्यात येते! गावात हाच न्याय आम्ही पिढ्यान्पिढ्या पाहिला आहे. जात पाळली तर ती परंपरा. जातीचा हिशेब मागितला तर तो जातीयवाद. खालिदींच्या कामाचे पहिले मोठे मोल हे, की हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्यांनी गयावया न करता मांडले.

येथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाबासाहेब आणि खालिदी एकच कोष्टक मांडतात, पण त्यातून विचारलेले प्रश्न उलट दिशेचे आहेत. १९४० साली बाबासाहेब हिंदू वाचकाला विचारत होते, की वायव्येकडील मुसलमान शिपायांच्या भरण्याने बनलेल्या सैन्यावर परक्या आक्रमणाच्या वेळी तुम्ही विसंबून राहाल काय? राहणार नसाल तर फाळणीच्या मागणीचा थंड डोक्याने विचार करा. हा युक्तिवाद त्या घडीचा, पाकिस्तानच्या मागणीचा निवाडा करण्यासाठी होता. पण त्यातील निष्ठेचा प्रश्न उचलून आज स्वतंत्र भारताच्या मुसलमान नागरिकावर जे फेकतात, ते बाबासाहेबांचा संदर्भ चोरतात. ज्या बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये अल्पसंख्याकांना कायदेमंडळात आणि सरकारी नोकऱ्यांत वाटा हक्क म्हणून मिळाला पाहिजे असे लिहिले, आणि अस्पृश्यांना अल्पसंख्याकच मानले, ते बाबासाहेब या लोकांना नको असतात. १९४० चे पुस्तक आणि १९४७ चे निवेदन शेजारी ठेवून वाचले, तरच बाबासाहेबांचा विचार पुरता कळतो. संख्येवरून संशय घ्यायचा की संख्येवरून वाटा मागायचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे. आणि घटना लिहिताना बाबासाहेब वाट्याच्या बाजूने उभे होते.

निष्ठेच्या या प्रश्नाचा सापळा खालिदींनाही पूर्ण टाळता आलेला नाही. अल्पसंख्याकांवर संशय घेतला की आपण सारे उत्तरादाखल हुतात्म्यांची नावे काढतो : १९४८ साली काश्मीरात पडलेले ब्रिगेडियर उस्मान, १९६५ च्या युद्धातले परमवीर अब्दुल हमीद. ही माणसे मोठी होती. पण नागरिकत्वाचा दाखला रक्ताने भरावा लागतो, हे एकदा कबूल केले की हुतात्म्यांची यादी कितीही लांबली तरी पुरत नाही. आमच्या समाजाला हे चांगले ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई लढले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्जांवर अर्ज केले. पूर्वजांच्या पराक्रमाचे दाखले दिले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती दुसऱ्या महायुद्धाची गरज आणि बाबासाहेबांचा राजकीय रेटा या दोन्हींमुळे. चांभार रेजिमेंट १९४३ मध्ये आली, १९४६ मध्ये गेली. स्टीफन कोहेन या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ साली 'अस्पृश्य सैनिक' या विषयावर लिहिलेल्या लेखात हा इतिहास मांडला आहे. या इतिहासातून कळते ते एवढेच, की पराक्रमाने दार उघडत नाही. गरजेने उघडते आणि सत्तेने उघडे राहते.

खालिदींच्या अभ्यासाशी माझा मुख्य वाद मात्र पुढेच आहे. त्यांचा कल असा दिसतो, की दलांत अल्पसंख्याकांचे प्रमाण वाढले तर दलांचे वर्तन सुधारेल. हे अर्धे खरे आहे. ज्या ठाण्यात आपल्या बोलीत बोलणारा, आपल्या वस्तीत राहणारा एकही माणूस नाही, त्या ठाण्याची पायरी चढायला बाई घाबरते. असा एक जरी माणूस असला तरी फरक पडतो. पण उरलेले अर्धे त्यांच्याच विषयातून पुढे येते. सैन्यात शिखांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने नेहमीच मोठे राहिले. हा निष्कर्ष त्यांच्या तुलनात्मक लेखाचा गाभा आहे. तरी नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत, सरकारी गणनेनुसारच, २,७३३ शीख मारले गेले. पलटणीतली संख्या गल्लीत कामाला आली नाही.

आणि आपले काय? पोलीस भरतीत अनुसूचित जातींना आरक्षण आहे. तरी २७ जुलै १९७८ च्या नामांतर ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे मारले गेले, तेव्हा किती ठिकाणी पोलीस उभा राहून पाहत होता! ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या जमावावर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली; पुढे उच्च न्यायालयात त्याला जामीन मिळाला. गोळीबाराचा हुकूम देणारा कोणाला जबाबदार असतो, हा प्रश्न भरतीच्या कोष्टकात मावत नाही. गणवेश चढवला की माणूस हुकमाचा होतो, आणि हुकूम वरून येतो. आमच्यातला शिपाईही मग आमच्याच वस्तीवर चालवला जातो.

दुसरा वाद मोजपट्टीचा. खालिदींची मोजपट्टी धर्माची आहे. मुसलमान किती, शीख किती, असे ते विचारतात. मुसलमानांतले विणकर, खाटीक, पिंजारी, फकीर किती आणि अशराफ घराण्यांतले किती, हा प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या मध्यभागी येत नाही. महाराष्ट्रात मुस्लिम ओ.बी.सी. चळवळीने हाच प्रश्न विचारला आणि दलित कार्यकर्ते तिच्या सोबत उभे राहिले. जो अभ्यासक सरकारला सांगतो, की राष्ट्र नावाचा एकसंध गठ्ठा दाखवून आतली विषमता झाकू नका, त्याने जमात नावाचा गठ्ठाही सोडून पाहिला पाहिजे.

हे वाद असले तरी त्यांच्या कामाची गरज कमी होत नाही, आज तर नाहीच. माझ्या महाविद्यालयातली निम्मी मुले पहाटे रस्त्यावर धावत असतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी. त्यांत महार, मांग, मराठा, वंजारी, मुसलमान, सगळे आहेत. घरची कोरडवाहू दोन एकर किंवा तीही नाही; पगाराची नोकरी म्हणजे खाकी, एवढेच त्यांना दिसते. त्यांना 'राष्ट्रीय सुरक्षितता' हा शब्द चालू घडामोडींच्या गाईडमध्ये भेटतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने भरतीचे सूत्र 'सर्व भारत, सर्व वर्ग' असे जाहीर केले. सूत्र चांगले आहे. ते खरोखर पाळले गेले काय, हे कळणार कशावरून? त्यासाठी मोजावेच लागेल, आणि मोजलेले छापावे लागेल.

म्हणून खालिदींच्या अभ्यासातून आपण घ्यायचे ते दोन गोष्टींना जोडून घ्यावे. शिरगणतीची मागणी आपण केलीच पाहिजे : प्रत्येक दलाची, धर्म, जात आणि लिंग यांनुसार, शिपायापासून महासंचालकापर्यंत. त्याचबरोबर प्रत्येक गोळीबाराचा, प्रत्येक कोठडीतील मृत्यूचा, प्रत्येक आयोगाच्या अहवालाचा पाठपुरावा हीही त्याच मागणीची दुसरी बाजू मानली पाहिजे. पहिली मागणी एकटी केली तर आपल्या पोरांना नोकऱ्या मिळतील आणि गोळ्या तशाच चालू राहतील. दुसरी एकटी केली तर बंदुकीच्या मागे कोण आहे, हे कधीच कळणार नाही.

विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या तालुक्याच्या ठाण्यापासून सुरुवात करा. मंजूर पदे किती, भरलेली किती, राखीव जागांचा अनुशेष किती, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेले गुन्हे किती आणि त्यांत शिक्षा किती, हे माहितीच्या अधिकारात मागा. मिळेल ते लिहून ठेवा. नाकारले तर नाकारल्याचे पत्र जपून ठेवा. एका ग्रंथपालाने नोकरी सांभाळून एवढे उभे केले. गावोगावच्या शिकलेल्या पोरांनी ठरवले तर सरकार जी वही उघडत नाही, ती आपल्याला स्वतःच लिहिता येईल.